दोन किलो एकशे ऐंशी

वाडगा भरलेला. काल जितका होता तितकाच.

*

प्लास्टर भिजवताना आधी पाणी, मग पावडर. उलट केलं की गुठळ्या होतात.

*

"नखरेल आहे हं तो, आधीच सांगून ठेवते." वहिनी, दारात, ओले हात ड्रेसला पुसत.

*

आईची कवळी सिंकपाशी स्टीलच्या वाटीत असते. कवळीशिवाय आई हसते तेव्हा ओठ आत ओढून घेते. त्यामुळे ती हसतेय की तिला राग आलाय, हे पटकन कळत नाही.

*

पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता येतील असे. मी मोजले नाहीत.

*

"साचा खोटं बोलत नाही." हे वाक्य माझं. सोळा वर्षांत किती वेळा, कुणाकुणाच्या तोंडावर फेकलं असेल, देव जाणे.

*

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेतात, तो डब्यातून आमच्या लॅबमध्ये येतो, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि साचा काढतो. साच्यावर मेण, मेणात दात, मग घासणं, मग पॉलिश. पेशंट मला दिसत नाही. हजारो तोंडं माझ्या हाताखालून गेली, त्यातलं एकही ओलं नव्हतं.

बोका दादाचा. म्हणजे दादाच्या मुलांचा. मुलांनी हट्ट केला म्हणून आणला, मुलांचा जीव दुसरीकडे रमला आणि हा सोफ्यामागे राहायला लागला. आईच्या तपासणीचे जुने कागद दादाकडे पडले होते, ते आणायला मी गेले. दोन वर्षांनी जात होते. सोफ्यामागून काहीतरी बाहेर आलं. मला वाटलं, पंख्याच्या वाऱ्यानं रिकामी पिशवी सरकतेय.

"दादा, याला काय झालंय?"

"काय झालंय? असाच आहे तो."

"हाडं दिसतायत याची."

"खातच नाही. सगळ्या प्रकारचं आणून झालं. नखरे आहेत नुसते. पोटात कावळे ओरडले की खाईल झक मारत."

"किती दिवस झाले?"

"तू ना, आल्या आल्या सुरू होतेस. एवढा पुळका आलाय तर घेऊन जा."

घेऊन आले. वहिनीनं भाजीची पिशवी दिली, तीही बहुतेक मन मोठं केल्यासारखी. पिशवीत घातलेलं मांजर पिशवी फाडतं, ओरडतं, हात रक्तबंबाळ करतं. यानं फक्त मान बाहेर काढली आणि रस्ता बघितला. मला राग दादाचा आला होता, पण त्या शांतपणाचा जास्त आला. ओरड ना, मेल्या. तुझ्या बाजूनं तू तरी ओरड.

आईनं चष्मा वर केला. "हा कोण?"

"प्रिन्स."

"कसला प्रिन्स! हाडक्या आहे नुसता."

२ किलो १८० ग्रॅम

काटा लॅबमधला, प्लास्टर तोलायचा. मालकाला न विचारता आणला. त्यावर प्लास्टरचं रबरी घमेलं ठेवलं, घमेल्यात हाडक्या. तो बसला. हलला नाही. इतक्या गुणी पेशंटचं काही खरं नसतं, असं आई म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, पोट दाबलं, कानात बघितलं. एका बोटानं ओठ उचलून सुळे बघितले. हाडक्या गुरगुरला तसा हात मागे घेतला.

"दात ठीक वाटतायत. चावरा आहे का?"

"नाही."

"रिपोर्ट चांगले आहेत, मॅडम. किडनी वगैरे सगळं नॉर्मल. घर बदललं, माणसं बदलली, मनाला लागतं यांच्या. भूक वाढवायचं औषध देतो."

"तो आधीपासून खात नाहीये. घर मी काल बदललं त्याचं."

"हो, हो. तरी बघू या." मग कागदावर लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाले, "दोनच्या खाली गेला तर मात्र विचार करावा लागेल. उगाच हाल करण्यात अर्थ नसतो."

विचार करावा लागेल म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. भिंतीवर गुबगुबीत मांजरांचं कॅलेंडर होतं. ते ओढून काढावंसं वाटलं.

२ किलो १३०

उकडलेली कोंबडी, बारीक करून. उकडलेली कोंबडी, मोठे तुकडे ठेवून. मासा. डब्यातला मासा. डब्यातल्या माशाचं नुसतं पाणी, तेवढं चाटलं. अंडं. कोरडे दाणे, त्रिकोणी. कोरडे दाणे, गोल, कारण दुकानदार म्हणाला काहींना गोल आवडतात. मी दुकानदाराचं ऐकलं. दाण्यांच्या आकारावर आम्ही दोघं मोठी माणसं भर दुपारी गंभीरपणे बोललो.

२ किलो ९०

लॅबमध्ये मी मेण तापवत होते. पॉलिशवाले काका शेजारच्या मशिनवर कुणाच्या तरी खालच्या कवळीला चमक आणत होते. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"काय म्हणतो तुझा पैलवान?"

"खात नाही."

"मग त्याला एक कवळी करून दे. वरची-खालची. मी पॉलिश फुकट करतो."

सगळे हसले. मीही हसले. हे लिहितानाही माझे कान गरम होतात. बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून एक म्हातारा माणूस गमतीत बरोबर उत्तर देऊन गेला आणि मी, सोळा वर्षं दात लावणारी बाई, मेणाचा चमचा हातात धरून हसले.

दुपारी दादाला फोन केला.

"तो तुझ्याकडे शेवटचं पोटभर कधी खाल्लेला आठवतंय का?"

"मी काय नोंद ठेवतो का त्याची?"

"महिना? दोन महिने?"

"अगं, मीटिंगमध्ये आहे मी."

"दरिद्री मन आहे तुझं, दादा."

"बरं. झालं बोलून? ठेवू?"

२ किलो ४०

अकरावा दिवस, सकाळ. मला लॅबला उशीर झाला होता. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसले होते, बोटावर कोंबडीचा लगदा. हाडक्या वाडग्यापर्यंत आला. नाक लावलं. मागे सरला.

"खा!" मी ओरडले. "खा ना! मरायचंय का तुला? नखरे बंद कर तुझे!"

तो शब्द माझ्याच तोंडातून आला. दादाचा शब्द, दादाच्याच सुरात.

आई टेबलाशी बसून चहात पाव बुडवत होती. गेलं वर्षभर ती तेवढंच खातेय. चहात पाव, सुपात पाव, दुधात पाव.

"त्याच्यावर ओरडू नकोस," ती म्हणाली. "भूक आहे त्याला."

"भूक आहे तर खात का नाही मग?"

"तू वाडग्याकडे बघत असतेस. त्याच्याकडे बघ."

तिनं पावाचा भिजलेला तुकडा त्याच्यापुढे टाकला. हाडक्या झडप घातल्यासारखा आला. झडप, हो. अकरा दिवस मी त्याला वाडग्यापासून दूर जाताना बघत होते, वाडग्याकडे येताना बघितलंच नव्हतं. त्यानं तुकडा तोंडात घेतला, मान डावीकडे वाकडी केली, एकदा चावला आणि कुणी थोबाडीत मारल्यासारखा उडाला. तुकडा पडला. मग पंजानं स्वतःचा गाल ओरबाडला, दोनदा.

"बघितलंस?" आई म्हणाली. "मी हेच करते. तुझी ती कवळी घातली की. भूक लागते, ताटावर येते, एक घास घेते आणि उठते. आणि तू फोनवर सगळ्यांना सांगतेस, आईचे नखरे वाढलेत."

मी उठले. टॉवेल सापडला. हाडक्याला त्यात गुंडाळून मांडीत घट्ट धरला, आईनं मोबाइलचा टॉर्च धरला. जबड्याच्या सांध्यावर बोटानं दाब दिला की तोंड उघडतं. जबड्याचा सांधा कुठे असतो हे मला माहीत आहे. प्लास्टरच्या मांजराचाही मी दाखवला असता.

पुढचे सुळे पांढरे, छान. त्यांच्यामागे सगळं लाल. सोललेल्या जखमेसारखं लाल. वरची दाढ मुळाशी पोखरलेली, खालच्या दाढेवर हिरडी चढून आलेली, आणि वास. मी सोळा वर्षं मेणाचा आणि केमिकलचा वास घेतला. तोंडाचा वास मला माहीत नव्हता.

"अगं बाई," आई म्हणाली. तिनं टॉर्च आणखी जवळ आणला.

मी लॅबला गेले नाही. दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले.

"मागच्या दाढा बघितल्या होत्या तुम्ही?" मी विचारलं.

"मॅडम, त्या दिवशी तो बघू देत नव्हता..."

"आज मी धरते. बघा."

त्यांनी दिवा लावला. बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हं."

"हं काय?"

"दाढा काढाव्या लागतील. जवळजवळ सगळ्या." त्यांनी हातमोजे काढले. "पण भूल द्यायची तर हा फार हलका आहे. आत्ता दिली तर उठेलच याची खात्री नाही. सव्वादोनच्या वर आणा. तेवढं वजन असेल तर मी हात लावीन."

"म्हणजे तोंड दुखतं म्हणून खात नाही. खात नाही म्हणून वजन नाही. वजन नाही म्हणून तोंडाला हात लावणार नाही. बरोबर समजले ना मी?"

"चिडू नका, मॅडम."

"मी अजून चिडलेली नाही."

त्यांनी दुखणं थांबवायचं औषध दिलं, पातळ खाण्याचे डबे दिले, सुया काढलेल्या सिरिंजा दिल्या. "गालाच्या बाजूनं, थोडं थोडं. घशात मारू नका. दहा दिवस. वजन रोज कळवा. आणि दोनचं मी म्हणालो होतो, ते लक्षात ठेवा."

२ किलो १०

सिरिंजचं टोक कडक असतं. ते हिरडीला लागलं की हाडक्या सगळं थुंकायचा. माझ्या अंगावर, आईच्या अंगावर, एकदा गॅसवर. लॅबमधून ठसा घ्यायचं रबर आणलं. पांढरा आणि निळा गोळा समसमान घेऊन मळला की दोन मिनिटांत घट्ट होतं, पण मऊ राहतं. त्याचं टोपण केलं, सिरिंजच्या टोकाला बसणारं, गालाच्या आत सरकणारं. हातात घेऊन बघितलं. सुंदर झालं होतं. कड एकसारखी, कुठे फुगवटा नाही.

हाडक्यानं किंचाळून हात फाडला माझा.

"साचा बरोबर असेल," आई म्हणाली.

"आई, गप्प बस."

दुसरं केलं. तेही बोचलं. तिसरं करायच्या आधी त्याचं तोंड उघडून बसले. पाच मिनिटं नुसती बघत. कुठे लाल जास्त, कुठे कमी, जीभ कुठे येते, गिळताना काय कुठे सरकतं. मग टोपण अर्धं कापून टाकलं. वेडंवाकडं, एका बाजूनं चपटं, कुठल्याही लॅबनं फेकून दिलं असतं असं. ते बसलं.

१ किलो ९९०

डॉक्टरांचा फोन आला. "आज किती?"

"दोन वीस," मी म्हणाले.

आई बघत होती. मी फोन ठेवला आणि काट्यावरचा आकडा पुन्हा बघितला, जणू माझ्या बोलण्यानं तो लाजून बदलेल. नाही बदलला. मग मी घमेल्यातून हाडक्याला उचललं आणि काटा बंद केला. खोटं बोलल्याचं मला काहीच वाटलं नाही. त्यांचं "दात ठीक वाटतायत" मी अकरा दिवस खरं धरलं होतं. माझं "दोन वीस" त्यांनी एक दिवस धरावं.

दर दोन तासांनी एक सिरिंज. सहा वेळा. मालकांना फोन करून सांगितलं की येत नाही.

"कशासाठी सुट्टी म्हणालीस?"

"घरात पेशंट आहे."

"आई?"

"मांजर."

"ऑर्डरी पडल्यात इथे. माणसांच्या."

"माणसं पाव बुडवून खातील चार दिवस. माझी आई वर्षभर खातेय."

काटा कुठे आहे, हे त्यांनी विचारायच्या आत फोन ठेवला.

२ किलो ६०

दुपारी आई हाडक्याला टॉवेलात धरून बसली होती. आता तो तिच्याच मांडीत नीट खायचा. मी सिरिंज भरत होते.

"मला सांगायचं नाहीस?" मी विचारलं.

"काय?"

"दुखतं म्हणून."

आईनं ओठ आत ओढले. या वेळी हसत नव्हती. "सांगितलं. पहिल्या आठवड्यात सांगितलं. तू लॅबमधून साचा घेऊन आलीस, इथे, या टेबलावर ठेवलास, त्यावर कवळी बसवून दाखवलीस. बघ आई, कशी घट्ट बसते. मी म्हटलं, मग साच्यालाच घाल. तू हसलीस."

"मला वाटलं गंमत करतेस."

"अगं, दात नसलेली बाई चावण्याबद्दल कशाला गंमत करेल?"

मला तिचा इतका राग आला. मग माझा आला, पण आधी तिचा, हे खरं आहे. वर्षभर पाव खात बसली आणि एकदा ओरडली नाही. घरातल्या सगळ्यांनाच कसली ही सवय, गुणी पेशंट व्हायची.

"कवळी घाल," मी म्हणाले.

"आता?"

"घाल. आणि पाच मिनिटांनी काढ. तोंड उघड."

"हात धुतलेस का? मांजराच्या तोंडातला हात आहे तो."

धुतला. टॉर्च मीच धरला, कारण तिच्या हातात हाडक्या होता. खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला एक पांढरा व्रण होता, तांदळाच्या दाण्याएवढा, भोवती लाल कडा. बोट लावलं तर आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं हाडक्याला घट्ट धरलं, त्यानंही तक्रार केली नाही.

"दिसलं?" तोंड उघडंच ठेवून तिनं विचारलं.

"दिसलं."

"एवढंच म्हणत होते मी."

२ किलो २७०

नवव्या दिवशी सकाळी नेला. मला आत येऊ दिलं नाही. बाहेरच्या बाकावर एक माणूस कासवाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघत होता. मला त्याचाही राग आला. असू दे ना त्या कासवाला शांतपणे कासव.

तेवढ्यात दादाचा फोन.

"तू आमची बदनामी करत फिरतेयस म्हणे. तुझ्या वहिनीला आईनं काय काय ऐकवलं."

"त्याच्या दाढा सडल्या होत्या, दादा. सगळ्या. आत्ता काढतायत."

"मग? मला काय माहीत असणार? मांजराच्या तोंडात कोण बघतं?"

माझ्या जिभेवर बरंच काही होतं. बाकावरून उठून उभी राहिले होते मी, कासववाला माझ्याकडे बघत होता. आणि मला आठवलं की या शहरातल्या सगळ्या माणसांमध्ये ही शिवी दादाला घालायचा हक्क ज्या बाईला नव्हता, ती मी होते. मी फोन कट केला.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली. "उठतोय. जड गेलं, मधे श्वास मंदावला होता. पण उठतोय." मग म्हणाले, "अकरा काढल्या. त्या दिवशी मी बघायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले. "हवं होतं." वजनाबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही.

२ किलो ३९०

दाढा काढल्यानंतर चौथ्या दिवशी मी सिरिंज भरत असताना तो वाडग्याशी गेला. आईनं माझा हात धरला. त्यानं कोंबडीचा लगदा जिभेनं उचलला, मान वाकडी केली, थांबला. दुखायची वाट बघितली. नाही दुखलं. मग असा खायला लागला की आई जवळ गेली तर तिच्यावर गुरगुरला. पहिल्यांदा. आई इतकी खूश झाली की तोंडावर हात ठेवून हसली.

३ किलो ५०

काटा परत केला तोवर दोन महिने झाले होते. दादाचा फोन आला. आवाज मऊ.

"फोटो बघितला मी. आईनं पाठवला. केवढा झालाय!"

"हं."

"मुलं सारखी विचारतात, प्रिन्सला कधी आणायचं. आता बरा झालाय ना तो. शनिवारी येऊन नेतो म्हणतो मी."

मी काही बोलायच्या आत आईनं फोन ओढून घेतला. "इथे कुणी प्रिन्स राहत नाही. हाडक्या राहतो. आणि तो तुला देणार नाही."

"आई, तू मधे पडू नकोस. तिला दे फोन."

मी घेतला. "नाही देणार, दादा. मुलांना घेऊन ये भेटायला. आईलाही भेट, दोन वर्षं आला नाहीस तू."

"आणि तू?" त्याचा आवाज चढला. "तू मोठी दयाळू! दोन वर्षं तो माझ्याकडे झिजत होता, एकदा तरी डोकावलीस? एवढ्या लांबून येणं तुला जमत नव्हतं, माझ्यावर ओरडणं बरं जमतं!"

"नाही डोकावले," मी म्हणाले. "तरी देणार नाही."

आणि फोन ठेवला. हाडक्या आईच्या मांडीत होता. मी त्याला तिथेच राहू दिलं.

भाजीच्या पिशवीत त्याला घालून दादाच्या घरापासून माझ्या घरापर्यंत चालत यायला मला त्या दिवशी बारा मिनिटं लागली होती.